रकाना चौदा

कचेरीने मला पाठवलं, कारण मला ती बोली येते.
प्रश्न इंग्रजीत, उत्तरं ओगिएकमध्ये,
मधला ओंडक्याचा पूल मी,
बुटांना माउच्या चढणीचा लाल चिखल.

ताप्तुवेय आत्या दारात मध गाळत होती.
म्हणाली, शिकून आलीस ती मलाच मोजायला?
बस. आधी पाणी पी.

छप्पर कशाचं?
दिसतंय की.
मी लिहिलं: बांबू, गवत.

पाणी किती लांब?
जाताना शेजारणीची अर्धी चुगली,
येताना उरलेली अर्धी.
कधी कधी हंडे भरतात, चुगली संपत नाही,
मग झऱ्यापाशीच बसायचं.
मी लिहिलं: आठशे मीटर, अंदाजे.

बचत?
तिने नुसती मान वर केली.
वर, फांद्यांच्या बेचक्यांत,
तराक्वेतचे पोकळ ओंडके,
सिगिलाय काकांनी दोन पावसाळे तासलेले.
अकरा.
सात भरलेले, दोन माश्यांची वाट बघणारे,
एकात मुंग्या,
एक नातवाच्या सोयरिकीला राखलेला;
त्याला हात लावला
तर काका आठवडाभर जेवत नाहीत.
मी लिहिलं: नाही.

काका मध बोटावर घेतात, उजेडात धरतात
आणि सांगतात माश्या कुठल्या उतारावर गेल्या होत्या,
किती वाजता परतल्या,
वाटेत पाऊस लागला का.
सिलिब्वेत फुलला की मध पांढरा उतरतो,
दाताखाली किंचित रवाळ.
यंदा पिवळट आहे.
काकांनी बोट चाटलं, काही बोलले नाहीत.
पलीकडे पांढरे दगड रोवलेत,
दगडांच्या पुढे चहा,
न्हाव्याने नुकतं डोकं भादरावं तसा.
या बाजूलाही गेल्या महिन्यात कुणी चुन्याने
झाडांवर आकडे घातलेत.

आजारी पडलात तर?
तळहाताएवढीच साल काढायची,
मग तिथे ओला चिखल लिंपायचा,
झाडाला म्हणायचं, सोस बाई एवढं.
खोकल्याला एक, पोटाला दुसरी, तापाला...
इथे गाळणीवरचा हात थांबला.

चेमेली आठवते तुला?
सोटेनची बायको.
पोर आडवं आलं होतं.
चौघांनी घोंगडीत उचललं तिला,
वरून पाऊस, खाली घसरडं,
डांबरी सडक लागायच्या आत
घोंगडी जड झाली.

मधाने सगळंच बरं होत नाही, लिही.
दवाखाना पाहिजे, लिही.
पत्र्याचं छप्परही चालेल मला,
गवत दर दोन वर्षांनी कोण चढवणार?
पण त्याच्या बदल्यात वरची झाडं मागतील
तर नको.
हेही लिही, पुढचं-मागचं जोडून लिही,
तोडून लिहू नकोस.

फॉर्मवर दोन चौकोन होते:
आहे. नाही.
आणि चौदावा रकाना, 'इतर',
माझ्या करंगळीएवढा.

मी पेन धरून बसले.
ती उठली, पोळ्याचा तुकडा मोडून
माझ्या हातावर ठेवला, लहानपणी ठेवायची तसाच,
मेण थुंकू नकोस, चघळ म्हणत.
मनगटावरून ओघळला.
मी फॉर्म बाजूला केला का?
केला नाही बहुतेक.

शहरात, तिसऱ्या मजल्यावर,
साहेबांनी कागद सुटे करायला घेतले.
चौथं पान पाचव्याला घट्ट चिकटलेलं.
ओढलं तर फाटलं,
बचत निम्मी इकडे, आजारपण निम्मं तिकडे.
शिक्का मारला: माहिती अपूर्ण.
मला विचारलं, परत जाशील?
म्हटलं, जाईन. मोठा कागद द्या.

सोमवारी फायलींच्या कपाटापाशी
मुंग्यांची बारीक रांग लागली होती,
खिडकीतून आत, दुसऱ्या खणापर्यंत.
शिपाई फडकं घेऊन आला.
म्हटलं, राहू दे जरा.
या कचेरीत पहिल्यांदाच कुणीतरी
तो फॉर्म वाचतंय.